ओरिओल्सची पुनर्बांधणी: सात वर्षांनंतर हिशेब काय लागतो?

कॅम्डनकर

डिसेंबरात बाल्टिमोर ओरिओल्सनी पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी १५.५ कोटी डॉलर मोजले आणि आमच्या मित्रमंडळीत जुना वाद पुन्हा पेटला. संघ नव्याने उभारायला घेतला २०१८ च्या शेवटी आणि एका खेळाडूसाठी एवढी तिजोरी उघडली २०२५ च्या शेवटी. मधल्या काळात आम्ही काय काय पाहिलं ते इथल्या बेसबॉलप्रेमींना माहीत आहेच, तरी नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

२०१८ मधे ४७ विजय, ११५ पराभव. त्या जुलैत मॅनी मचाडोला डॉजर्सकडे पाठवून बदल्यात पाच तरुण खेळाडू घेतले. नोव्हेंबरात ह्यूस्टनहून माइक एलियास जनरल मॅनेजर म्हणून आले आणि सोबत विश्लेषक सिग मेडाल, जे पूर्वी नासात काम करायचे. २०१९ मधे १०८ पराभव, २०२१ मधे ११०, त्यात ऑगस्टमधे सलग १९. मग २०२२ मधे ८३ विजय, २०२३ मधे थेट १०१! शहर नुसतं नारिंगी झालं होतं. पण प्लेऑफमधे टेक्सासने ३-० धुतलं. २०२४ मधे ९१ विजय आणि पुन्हा प्लेऑफमधे दोन सामन्यांत गाशा गुंडाळला. २०२५ मधे ७५-८७, मे महिन्यात मॅनेजर ब्रँडन हाइड यांची हकालपट्टी आणि विभागात शेवटचा नंबर.

माझा प्रश्न असा: भरपूर हरायचं, वरचे ड्राफ्ट पिक घ्यायचे, पोरं घडवायची आणि मग जिंकायचं, ही पद्धतच मुळात चुकीची होती, की पद्धत बरोबर असून शेवटच्या टप्प्यावर हात आखडला? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. ड्राफ्ट चांगला झाला, पोरं घडवणं तर उत्कृष्ट झालं. कमी पडलं ते त्या पोरांच्या जिवावर वेळेत मोठे ट्रेड करणं. तुम्हाला काय वाटतं?

शून्यमैल

नागपूरहून. बेसबॉल फक्त हायलाइट्समधे पाहतो, त्यामुळे प्रश्न प्राथमिक आहे. हरण्याचा फायदा नेमका कसा होतो? आयपीएलमधे तळाला राहिलेल्या संघाला काहीच बक्षीस नसतं. २०२५ च्या मोठ्या लिलावात सगळ्यांची पर्स सारखीच, १२० कोटी. ज्याने जास्त खेळाडू राखले त्याचे तेवढे पैसे कमी, एवढंच.

कॅम्डनकर

शून्यमैल, प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे.

इथे शाळा-कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंचा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. संघ क्रमाने एकेक नाव घेतात. ज्याने तुमचं नाव घेतलं त्याच्याशीच करार करायचा, नाहीतर पुढच्या ड्राफ्टपर्यंत थांबायचं. क्रम उलटा, म्हणजे सर्वांत वाईट संघ आधी. शिवाय वर निवडणाऱ्याला बोनससाठी जास्त रकमेची मुभा असते. मुख्य संघात आल्यावर सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत तो खेळाडू तुमचाच. पहिली साधारण तीन वर्षं तर किमान पगाराच्या आसपासच. म्हणजे एखादा ॲडली रचमन किंवा गनर हेंडरसन हाती लागला, तर बाजारात वर्षाला तीन कोटी डॉलर पडतील असा खेळाडू काही वर्षं दहा लाखांच्या आतबाहेर मिळतो. म्हणून हरण्याचा मोह.

आता २०२३ पासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत काढतात. तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबराची सारखीच, १६.५ टक्के संधी. मुद्दाम हरण्याला थोडा लगाम बसलाय.

ह्यूस्टनपंत

ज्या घरातून ही रेसिपी बाल्टिमोरला गेली त्या घरचा मी. २०११ मधे १०६ पराभव, २०१२ मधे १०७, २०१३ मधे १११. २०१३ च्या एका सप्टेंबरी रविवारी तर टीव्ही रेटिंग ०.० आलं होतं. तरीही मी म्हणेन की पद्धत शंभर टक्के बरोबर. लोक फक्त हरलेले सामने मोजतात, त्या काळात केलेलं काम बघत नाहीत.

एकच उदाहरण देतो. २०१२ मधे पहिला पिक ह्यूस्टनकडे होता आणि त्या जागेची ठरलेली रक्कम होती ७२ लाख डॉलर. त्यांनी कार्लोस कोरेयाला निवडून ४८ लाखांत सही घेतली. उरलेल्या पैशातून ४१व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्स घेतला. तो हायस्कूलचा पोरगा, मागणी मोठी, म्हणून इतर संघ बिचकले होते. त्याला दिले २५ लाख, म्हणजे त्या जागेच्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. एका पिकच्या पैशात दोन मोठे खेळाडू! २०१७ मधे यांकीजविरुद्धच्या सातव्या सामन्यात याच मॅकलर्सने शेवटचे २४ चेंडू सलग कर्व्हबॉल, म्हणजे वळत खाली जाणारे चेंडू, टाकले. समोरच्याला माहीत होतं काय येतंय, तरी बॅट लागेना. मी तो सामना उभ्याने पाहिलाय.

ही कोरेयाची निवड ज्यांच्या डोक्यातून आली त्यांत एलियासही होते. मग बाल्टिमोरने २०२० मधे तेच केलं. दुसऱ्या क्रमांकावर हेस्टन कर्स्टॅडला कमी पैशात घेतलं आणि वाचलेले चौथ्या फेरीत कोबी मेयोवर लावले.

दक्षिण_शिकागो

पंत, तुमच्याकडे जमलं म्हणून पद्धत बरोबर असं होत नाही हो. आमच्या व्हाइट सॉक्सचं बघा.

२०१६ च्या डिसेंबरात क्रिस सेल देऊन योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक घेतले. त्याच आठवड्यात ॲडम ईटन देऊन लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ. पुढच्या जुलैत होसे किंताना देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ. कागदावर याहून चांगले ट्रेड त्या काळात कोणी केले नसतील. सगळे म्हणत होते, झालं, आता दहा वर्षं शिकागोची. २०२१ मधे ९३ विजय मिळाले, प्लेऑफची पहिलीच मालिका ह्यूस्टनकडून हरलो आणि खेळ खलास. २०२३ मधे १०१ पराभव. २०२४ मधे १२१. आधुनिक काळात एवढे पराभव कोणत्याच संघाच्या वाट्याला आलेले नाहीत.

आणि बक्षीस काय? नव्या नियमानुसार मोठ्या बाजारपेठेतला संघ लागोपाठ दोन वर्षं सोडतीत बसू शकत नाही. १२१ सामने हरून २०२५ च्या ड्राफ्टमधे आम्हाला दहावा पिक!

ट्रेड छान, पिक छान, मग बिनसलं कुठे? पोरं आली तशीच राहिली. मोंकाडा-हिमेनेझ सतत दुखापतग्रस्त. त्यांच्या मागे मायनर लीगमधे, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या खालच्या संघांत, दुसरी फळीच तयार नव्हती. म्हणून मी कॅम्डनकरांच्या यादीतल्या तिसऱ्या गोष्टीला, खेळाडू घडवण्याला, पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त वजन देतो. तिथे ढिले असाल तर कितीही हरा, काही उगवत नाही.

मुक्ताई७

वाचतेय. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण धागा सोडवत नाहीये.

सॉफ्टबॉलवाली

दक्षिण_शिकागो यांच्याशी सहमत. घडवणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलंय, म्हणून लिहिते.

आम्ही बोईच्या जवळ राहतो. तिथे ओरिओल्सचा डबल-ए (मुख्य संघाच्या दोन पायऱ्या खालचा) संघ खेळतो, पूर्वीचे बोई बेसॉक्स. स्टेडियम छोटं, पोरांसाठी मागे गोल फिरणारे घोडे, आणि तिकिटाच्या पैशात मोठ्या संघाकडे पार्किंगसुद्धा मिळणार नाही. मी शाळेत असताना जिल्हा पातळीवर सॉफ्टबॉल खेळलेली, त्यामुळे माझं लक्ष बॅटरच्या पायांकडे आणि डोळ्यांकडे जातं.

२०२२ च्या वसंतात तिथे गनर हेंडरसन होता. वय विशीच्या आतबाहेर. त्याचे होमरन लोकांच्या लक्षात राहिले, माझ्या लक्षात राहिलं ते त्याचं न मारणं. तीन बॉल, एक स्ट्राइक असताना पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) बाहेर वळत जाणारा स्लायडर टाकला. त्या वयाची बहुतेक पोरं त्यावर बॅट फेकतातच, कारण फास्टबॉल येणार असं मनात धरून बसलेली असतात. याने पुढचा पाय टेकवला, हात निघाले आणि जागच्या जागी थांबले. चौथा बॉल, म्हणून वॉक, फुकटचा पहिला बेस. शांतपणे बॅट ठेवून पहिल्या बेसवर गेला. बोईत त्या वर्षी त्याचे वॉक आणि स्ट्राइकआउट जवळपास सारखे होते. आदल्या वर्षी हाच मुलगा भरमसाट स्ट्राइकआउट होत होता.

हे आपोआप होत नाही. ओरिओल्सच्या मायनर लीग संघांत सामन्याआधीचा सराव मुद्दाम अवघड केला होता. लाडाने हळू टाकलेले चेंडू नाहीत, यंत्रातून वेगवान आणि वळणारे चेंडू. वर प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवायला हवी होती की नको, याचीही नोंद. सरावात पोरं चुकायची, आणि चुकावीत म्हणूनच तो सराव होता.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी क्लीव्हलँडमधे त्याचा पहिला मेजर लीग सामना झाला. पहिला होमरन मारताना बॅट इतक्या जोरात फिरली की हेल्मेट डोक्यावरून उडालं आणि केस मोकळे सोडून गडी बेसला फेरी मारतोय! मी घरात ओरडले, शेजारीण विचारायला आली.

गनर ४२व्या क्रमांकावर मिळालेला खेळाडू आहे हे विसरू नका. त्याच्यासाठी शेवटचं येण्याची काही गरज नव्हती.

ह्यूस्टनपंत

सॉफ्टबॉलवाली, सुंदर लिहिलंत. पण शेवटचं वाक्य अर्धंच खरं. पहिला पिक असला की प्रत्येक फेरीत तुमचा नंबर आधी लागतो आणि एकूण बोनसची थैलीही मोठी असते. ४२वा पिक त्याच रांगेतून आला.

दक्षिण_शिकागो

आणि त्याच रांगेतून २०१३ मधे तुम्हाला मार्क अपेल मिळाला. पहिला पिक, आणि तो चाललाच नाही. क्रिस ब्रायंट दुसऱ्यावर शिकागो कब्ज संघाकडे गेला आणि २०१६ मधे त्यांनी १०८ वर्षांचा दुष्काळ संपवला. २०१४ चा पहिला पिक ब्रेडी एकन, त्याच्या कोपरावरून वाद झाला आणि सहीच झाली नाही.

ह्यूस्टनपंत

एकनची सही झाली नाही म्हणून भरपाईत २०१५ चा दुसरा पिक मिळाला. तोच ॲलेक्स ब्रेगमन :)

आकडेमोड

एक वेगळा मुद्दा मांडतो. अपेल आणि एकन, दोघेही पिचर. एलियास यांनी तो धडा नको इतका मनावर घेतला, असं मला वाटतं.

२०१९ पासूनचे बाल्टिमोरचे पहिल्या फेरीतले खेळाडू बघा: रचमन, कर्स्टॅड, काउझर, हॉलिडे, ब्रॅडफील्ड, हनीकट, आयरिश. एकही पिचर नाही. तर्क समजतो. पिचरचा खांदा-कोपर कधी जाईल सांगता येत नाही, बॅटरचा अंदाज जास्त खात्रीने बांधता येतो. म्हणून बॅटर पिकवायचे आणि पिचर बाजारातून किंवा ट्रेडमधून आणायचे. कब्जने हेच केलं होतं. स्कॉट फेल्डमन आणि स्टीव्ह क्लेव्हेंजर देऊन जेक अरिएटा आणि पेड्रो स्ट्रोप, रायन डेम्पस्टर देऊन काइल हेंड्रिक्स, आणि वर जॉन लेस्टरला सहा वर्षांचे १५.५ कोटी. अरिएटा कोणी दिला? आपल्याच ओरिओल्सनी, २०१३ मधे! इथे त्याला सूर सापडला नव्हता, तिथे दोन वर्षांत साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार.

तर पद्धतीचा पहिला अर्धा भाग बाल्टिमोरने पूर्ण केला, दुसरा केलाच नाही. २०२३ मधे १०१ सामने जिंकणाऱ्या संघाचं पगारबिल लीगमधल्या सर्वांत लहान बिलांपैकी एक होतं. त्या हिवाळ्यात कॉर्बिन बर्न्स आणला तो एका वर्षापुरता. मग तो ॲरिझोनाला गेला २१ कोटींवर, आणि त्याच्या जागी आपण ४१ वर्षांचे चार्ली मॉर्टन आणि ३५ वर्षांचे तोमोयुकी सुगानो, दोघांनाही एकेका वर्षासाठी आणलं. दरम्यान ब्रॅडिश, मीन्स, वेल्स तिघेही २०२४ मधे कोपराच्या शस्त्रक्रियेला गेले. पिचर मोडतात हे ज्याला सर्वांत जास्त पटलंय, त्याने तर जास्तीचे पिचर साठवायला हवेत ना?

कॅम्डनकर

आकडेमोड, नेमकं बोललात. बर्न्सचा तो शेवटचा सामना आठवा. १ ऑक्टोबर २०२४, कॅन्सस सिटीविरुद्ध, घरच्या मैदानावर. गड्याने आठ इनिंग टाकल्या आणि फक्त एक रन दिला. आपण हरलो १-०. दुसऱ्या दिवशी २-१. दोन सामन्यांत मिळून आपल्या सगळ्या महागुणी बॅटरांनी एक रन काढला.

म्हणजे फक्त पिचिंग नव्हतं म्हणून बुडालो, असंही म्हणता येत नाही.

विठूची_लेक

त्या कॅन्सस सिटीबद्दल कोणीच कसं बोलत नाहीये? मी तिथली.

२०१९ च्या ड्राफ्टमधे पहिला रचमन गेला आणि दुसऱ्या क्रमांकावर आमचा बॉबी विट ज्युनियर. २०२३ मधे आम्ही १०६ सामने हरलो. त्या हिवाळ्यात मालकांनी काय केलं? सेथ लुगो आणि मायकेल वाका यांना पैसे मोजून आणलं आणि फेब्रुवारीत विटशी ११ वर्षांचा २८.८ कोटींहून मोठा करार केला. पुढच्याच मोसमात ८६ विजय, आणि तुमच्याच मैदानात तुम्हाला घरी बसवलं. तो १-० मधला एकमेव रन विटच्याच फटक्यावर आला होता.

कॅन्सस सिटी काही न्यूयॉर्क नाही, बाल्टिमोरपेक्षाही छोटी बाजारपेठ आहे. त्यामुळे छोट्या शहराला परवडत नाही हे कारण मला पटत नाही. आपला सर्वांत चांगला मुलगा इथेच राहणार हे लोकांना कळलं की तिकिटं घेताना हात मागे येत नाही.

आकडेमोड

+१. रचमन २०२७ नंतर मोकळा, हेंडरसन २०२८ नंतर. दोघांशीही दीर्घ करार नाही. २०२५ संपेपर्यंत एकट्या सॅम्युएल बसायोशी झाला, ऑगस्ट २०२५ मधे, आठ वर्षांचे ६.७ कोटी. तो ड्राफ्टमधला नव्हे, डॉमिनिकन रिपब्लिकमधून १६व्या वर्षी घेतलेला. एलियास येण्याआधी त्या बाजाराकडे आपण जवळजवळ पाठच फिरवली होती. एलियास यांचं हे काम मला ड्राफ्टइतकंच मोठं वाटतं.

सॉफ्टबॉलवाली

मला कॅम्डनकरांच्या मूळ मुद्द्यावर यायचंय, वेळेत ट्रेड करण्याच्या.

प्रॉस्पेक्टचं, म्हणजे होतकरू पोराचं, मोड आलेल्या मटकीसारखं असतं. मोड आले की दोन दिवसांत उसळ करायची. फडक्यात बांधून तशीच ठेवली की वास मारायला लागते, मग फुकटही कोणी घेत नाही. २०२३ मधे नॉरफोकचा आमचा ट्रिपल-ए (मुख्य संघाच्या लगेच खालचा) संघ देशात अव्वल ठरला, इतकी पोरं तिथे दाटीवाटीने बसली होती. कर्स्टॅड, नॉर्बी, स्टॉवर्स, मेयो, ऑर्टिझ, काउझर. वर सगळ्यांना जागाच नव्हती. त्यातल्या तिघांना एकत्र देऊन त्या उन्हाळ्यात एखादा तीन-चार वर्षं हातात राहील असा पिचर आणता आला असता. दोन वर्षांनी कर्स्टॅडची किंमत काय राहिली?

मुक्ताई७

बेसबॉल अजूनही कळलं नाही, मटकी कळली. रविवारी मिसळ ठरली.

धनगरवाडा

ओरिओल्सच्या मैदानावर, कॅम्डन यार्ड्सवर, मिसळीचा स्टॉल टाका, अर्धे मराठी सीझन तिकीट काढतील. सध्या शाकाहारी माणसाने तिथे नाचोजवर किती दिवस काढायचे?

कॅम्डनकर

धनगरवाडा, बाहेरून आणलेलं खाणं आत नेऊ देतात. आम्ही पराठे नेतो. मैदानाच्या आवारातल्या युटॉ स्ट्रीटवर उभं राहून पराठा खाताना पायाखाली पितळी चकत्या बघायच्या, जिथे जिथे होमरन येऊन पडले तिथे तिथे त्या बसवल्यात. मुलांना हा खेळ फार आवडतो, कोणाची चकती कुठे ते शोधत फिरतात.

नारिंगी_पक्षी

मटकीचं पटलं पण मला त्याहून महत्त्वाचं काहीतरी बोलायचंय. सगळे ट्रेड कागदावर बघतोय आपण.

ट्रे मॅन्सिनी. २०२० मधे आतड्याचा कर्करोग, पूर्ण वर्ष उपचार, २०२१ मधे परत येऊन मैदानात. हरण्याच्या त्या सगळ्या वर्षांत प्रेक्षक ज्याच्यासाठी येत होते असा हा एक माणूस. २०२२ च्या जुलैत आपण अनेक वर्षांनी जिंकायला लागलो होतो, वाइल्ड कार्डच्या, म्हणजे प्लेऑफमधल्या जादा जागेच्या, जवळ होतो. घरच्या मैदानावरच्या त्याच्या शेवटच्या सामन्यात त्याने उंच मारलेला चेंडू उन्हात फिल्डरला दिसेना, तोंडावर आदळून भलतीकडे गेला आणि मॅन्सिनी धावत धावत थेट होमला पोचला. सगळं स्टेडियम रडत होतं आणि हसत होतं. चार दिवसांत त्याला ह्यूस्टनला पाठवला. लगोलग क्लोझर (सामना संपवायला येणारा पिचर) होर्हे लोपेझही गेला. मोसमाच्या शेवटी वाइल्ड कार्ड तीन सामन्यांनी हुकलं.

मी २०१८ पासून एकही वर्ष तिकिटं सोडली नाहीत. लोकांनी हरणं सहन केलं ते एका शब्दावर, की जिंकायची वेळ आली की आपण जिंकायला खेळू. ती वेळ आली आणि तेव्हाही हिशेबच केला गेला. त्यामुळे माझं उत्तर स्पष्ट आहे: पद्धत चुकीची नव्हती, पण प्रेक्षकाला त्यात कुठे जागाच नव्हती.

ह्यूस्टनपंत

मॅन्सिनीला त्याच वर्षी आमच्याकडे वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अजिंक्यपदाची, अंगठी मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण थंड डोक्याने बघा. लोपेझच्या बदल्यात येनिअर कानो आणि केड पोविच आले. कानो पुढच्याच वर्षी ऑल-स्टार. १०१ विजयांत त्याचा वाटा मोठा होता.

नारिंगी_पक्षी

बघितलं. तरीही वाईटच वाटतं.

दक्षिण_शिकागो

पंत, थंड डोक्याचा विषय निघालाच आहे तर ह्यूस्टनच्या २०१७ च्या अंगठीबद्दलही बोलूया. तुमचे लोक कचऱ्याच्या डब्यावर ठोकून बॅटरला पुढचा चेंडू सांगत होते. २०२० च्या जानेवारीत जनरल मॅनेजर लुनाऊ आणि मॅनेजर हिंच वर्षभरासाठी निलंबित झाले आणि त्याच दिवशी नोकरीवरूनही गेले. ५० लाखांचा दंड झाला, दोन वर्षांचे पहिल्या-दुसऱ्या फेरीतले पिक गेले. पद्धत शंभर टक्के बरोबर असं म्हणताना हेही मोजा.

ह्यूस्टनपंत

मोजतो. ते चुकीचं होतं आणि त्याचं समर्थन मी कधी केलेलं नाही. पण संघ त्यानंतरही २०१९, २०२१ आणि २०२२ मधे वर्ल्ड सिरीजला पोचला आणि २०२२ ची जिंकला. तोवर कोरेया, स्प्रिंगर सोडून गेले होते. त्यांच्या जागी पेन्या, टकर, फ्रांबर वाल्डेझ असे घरचेच उभे राहिले. म्हणजे पोरं घडवणारी यंत्रणा खरी होती.

आणि वेळेत ट्रेड करण्याचं उदाहरणही आमच्याकडेच आहे. ३१ ऑगस्ट २०१७, मुदत संपायला अगदी थोडा वेळ उरला असताना तीन प्रॉस्पेक्ट देऊन जस्टिन व्हर्लँडर आणला. त्या तिघांतल्या कोणासाठी आम्हाला कधी हळहळावं लागलं नाही. एलियास तेव्हा ह्यूस्टनच्याच ऑफिसात होते. धडा समोर होता.

आकडेमोड

एक बाजू एलियास यांच्या वतीनेही मांडायला हवी. २०२४ च्या जुलैत नॉर्बी आणि स्टॉवर्स देऊन मायामीहून ट्रेव्हर रॉजर्स आणला. आल्या आल्या तो इतका पडला की मायनरमधे पाठवावा लागला. २०२५ मधे स्टॉवर्स ऑल-स्टार झाला तेव्हा आपल्या लोकांनी किती शिव्या दिल्या! आणि त्याच वर्षी रॉजर्सने १८ सामन्यांत १.८१ ईआरए (दर नऊ इनिंगला दिलेले रन) ठेवला. त्यामुळे ट्रेडचा निकाल सहा महिन्यांत लावू नये.

२०२५ चा मोसम संपल्यावर ग्रेसन रॉड्रिगेझ देऊन टेलर वॉर्ड घेतला आणि डिसेंबरात चार प्रॉस्पेक्ट आणि एक पिक देऊन टँपाहून शेन बाझ. या बाझचाही इतिहास आहे. २०१८ मधे पिट्सबर्गने क्रिस आर्चरसाठी ग्लॅस्नाउ, मेडोज आणि वर हा बाझ असे तीन दिले होते. पुनर्बांधणी पूर्ण व्हायच्या आत आपण जिंकायला तयार आहोत असं एखाद्याला वाटलं की काय होतं, त्याचा तो नमुना.

शून्यमैल

पिट्सबर्ग म्हणजे तोच संघ ना, ज्याने २००८ मधे टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या आपल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं?

कॅम्डनकर

हो, तोच. रिंकू काही वर्षं त्यांच्या मायनर लीगमधे डावखुरा पिचर म्हणून खेळला. हातात चेंडू न धरलेल्या मुलाने तिथवर जाणं हीच केवढी मोठी गोष्ट.

शून्यमैल

धागा वाचून एक कळलं. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ विस्कटतो, त्यामुळे असा सात वर्षांचा बेत कोणी आखूच शकत नाही. तरी मुंबई इंडियन्सने बुमराला २०१३ मधे, हार्दिकला २०१५ मधे अवघ्या दहा लाखांत हेरला. तिथे तळाला राहण्याची गरज पडली नाही, गावोगाव हिंडणारी माणसं लागली. जॉन राइट सामने बघत हिंडायचे. बेसबॉलमधेही हरण्यापेक्षा हे हिंडणंच जास्त कामाला येत असावं असं वाटतंय.

दक्षिण_शिकागो

शून्यमैल, जेम्स शील्ड्स नावाच्या उतरणीला लागलेल्या पिचरसाठी आमच्या संघाने २०१६ मधे एक सतरा वर्षांचा मुलगा सॅन डिएगोला देऊन टाकला. त्या मुलाने आमच्याकडून एकही अधिकृत सामना खेळला नव्हता. फर्नांडो टाटीस ज्युनियर. आपल्याकडे काय आहे हे ओळखणारा माणूस घरात नसला की असं होतं.

विठूची_लेक

बापरे. हे माहीत नव्हतं.

सॉफ्टबॉलवाली

रायन ओहर्नचं नाव आलंच नाही. कॅन्सस सिटीने जवळजवळ सोडून दिलेला, आपण २०२३ च्या जानेवारीत नुसते पैसे देऊन घेतला. त्याची बॅट फिरवण्याची पद्धत सुधारली, चेंडू निवडणं सुधारलं आणि २०२५ मधे तो ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीपासून खेळला. सँटँडर तर क्लीव्हलँडकडून रूल-५ मधे, म्हणजे दुसऱ्यांनी राखून न ठेवलेल्या मायनरमधल्या खेळाडूंच्या ड्राफ्टमधे, उचललेला, २०२४ मधे त्याचे ४४ होमरन. या दोघांसाठी किती सामने हरावे लागले? एकही नाही.

मात्र मोठ्या संघात आल्यावर पोरं पुढे वाढत नाहीयेत, हा माझा खरा काळजीचा विषय. रचमनची बॅट २०२४ च्या मध्यापासून गप्प आहे. हॉलिडे आला तेव्हा ३४ प्रयत्नांत दोन हिट करून परत गेला, आता सावरतोय. मायनरमधे एवढं छान शिकवणारे लोक वर येताना काय हरवतात, ते नव्या मॅनेजरनी, अल्बर्नाझ यांनी, शोधलं पाहिजे. अलोन्सो चाळीस होमरन मारेल. पण रचमन पुन्हा २०२३ चा झाला नाही तर त्या चाळीसचा उपयोग नाही.

नारिंगी_पक्षी

रचमनबद्दल असं बोलू नका हो. पोटाच्या बाजूच्या स्नायूच्या दुखापतीने २०२५ अर्धं गेलं त्याचं.

कॅम्डनकर

सॉफ्टबॉलवाली यांचा शेवटचा मुद्दा मी या बाजूने कधी पाहिला नव्हता. माझं मूळ मत अजून बदललेलं नाही. २०२३ च्या ऑगस्टमधे जॅक फ्लाहर्टीऐवजी कोणीतरी टिकाऊ पिचर आणायला हवा होता. पण विठूची_लेक म्हणतात तो करारांचा मुद्दा त्याहून तातडीचा आहे. हेंडरसन २०२८ पर्यंतच आपला आहे, एजंट बोरास आहेत, आणि बोरास यांचे खेळाडू सहसा मुक्त बाजारापर्यंत जातात. अलोन्सोवर खर्च झाला तो चांगलाच, पण तीच थैली आधी गनरसमोर ठेवायला हवी होती.

आकडेमोड

ठेवली नसेल असं नाही. नव्या मालकांनी, रुबेन्स्टाइन यांनी, २०२४ मधे संघ घेतल्यापासून हात सैल झालाय हे नक्की. बोरास यांचं म्हणाल तर अल्टुवेनेही ह्यूस्टनशी करार वाढवला तेव्हा एजंट तेच होते. खेळाडूला राहायचं असेल तर राहतो.

ह्यूस्टनपंत

अल्टुवेचं बरोबर. २०१८ मधे.

धनगरवाडा

एप्रिलमधल्या पहिल्या घरच्या शनिवारच्या सामन्याला कोण कोण येतंय? पराठे कॅम्डनकरांकडे, मी ठेचा आणतो.

सॉफ्टबॉलवाली

आम्ही चौघं. डाव्या बाजूला वर बसूया, तिथून कॅचरचं पायकाम दिसतं.